पांढरा डॉनल्ड

प्रिय युअन,

तुझा पणजोबा सापडला! आणि तो पळालेला नव्हता. आता खुर्चीत नीट बस आणि मग पुढचं वाच. नाताळच्या कार्डावर तू दोनच ओळी लिहिल्या होत्यास, की गुडघे बरे आहेत, आणि आमचा गिरणीवाला डॉनल्ड खरंच बायको टाकून पळाला का, हे मरायच्या आधी एकदा कळायला हवं. तुझ्यासारख्या घुम्या माणसाने यावर एक अख्खी ओळ खर्च केली, तेव्हाच मला कळलं की काटा अजून आत आहे. माझ्याही आहे. तू मला मागणी घालायला आलास तेव्हा आई दारातच म्हणाली होती, "पांढऱ्या डॉनल्डच्या घरात मुलगी देऊ? पिठाने माखलेला तो मेला गाणं शिकवणाऱ्या बाईबरोबर मिशिगनला पळाला. हा कधी पळेल याचा काय नेम!" तू टोपी उचललीस आणि महिन्याभरात पश्चिमेला निघून गेलास. त्यावर आई म्हणाली, "बघ, पळालाच ना!" मी तेव्हा आठवडाभर जेवले नव्हते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तर शोध. आपल्या ग्लेनगॅरीत कुणाचा पणजोबा शोधायचा म्हणजे काय ते तू विसरला नसशील. चर्चमागच्या दफनभूमीत डॉनल्ड मॅक्गिलिस नुसते गवतासारखे उगवलेत. फादर म्हणाले, "इसबेल, एक कशाला, डझनभर घेऊन जा!" म्हणून मी शहाण्णव वर्षांच्या कटरीनाला गाठलं. गावातली सगळी टोपणनावं पाठ असलेली तीच एक उरलीय. तिला म्हटलं, मला गिरणीवाल्या पांढऱ्या डॉनल्डबद्दल सांग. तर ती इतकी हसली, इतकी हसली, की मी कवळी सांभाळायला हात पुढे केला.

"अगं खुळे, गिरणीवाला पांढरा कधी होता? तो अंगठ्या डॉनल्ड! पीठ नीट दळलंय का ते अंगठ्याने चोळून चोळून बघताना त्याचा अंगठा चमच्यासारखा चपटा झाला होता. धरण फुटलं, गिरणी वाहून गेली, तेव्हा तो बायको, धाकटी पोरं, गाय आणि चक्कीचा दगड गाडीत घालून दुसऱ्या नदीवर गेला. थोरल्याला शेतावर ठेवून गेला. पळतो कोण गायीला घेऊन?" थोरला म्हणजे तुझे आजोबा. त्यांनी हे पुढे कुणाला सांगितलंच नाही वाटतं. युअन, तुमच्या घरातले पुरुष जरा तोंड उघडते तर केवढं रामायण टळलं असतं!

मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. नदीवरच्या त्या गावात तुझ्या पणजोबाचं थडगं आहे. 'डॉनल्ड मॅक्गिलिस, गिरणीवाला', आणि शेजारी त्याची बायको, तीच, मेरी. चौऱ्याऐंशी वर्षं जगला. नातीच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचला म्हणे, आणि त्याच महिन्यात झोपेत गेला. त्याच्या चक्कीचा दगड आता गावच्या सभागृहाच्या दारात पायरी म्हणून बसवलाय. मी त्यावर उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. आतल्या बायकांनी ओढत नेऊन चहा पाजला, ओटच्या भाकऱ्या खायला घातल्या. एकीचं पीठ सैल झालं होतं, तर दुसरी तिला सहज म्हणाली, "अंगठ्याला विचारायचं होतंस!" अंगठ्या कोण, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, आणि मग त्यांनी मला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

परतताना पुन्हा कटरीनाकडे थांबले. मग पळाला तो पांढरा डॉनल्ड कोण, असं विचारलं. ती माझ्या डोक्याकडे बघत बसली. "डॉनल्ड बान. जोडे शिवायचा. त्याच वसंतात पळाला. 'बान' म्हणजे केसांनी पांढरा गं, पिठाने नव्हे!" आपल्या आयांनी जुनी भाषा सोडली, 'बान'चा नुसता 'पांढरा' उरला, आणि पांढरा म्हटल्यावर गिरणीवालाच, दुसरं कोण! युअन, आपल्या गावात जन्मतःच कापसासारखे केस कुणाच्या घरात असतात? तू माझी वेणी ओढायचास ना? जोडे शिवणारा डॉनल्ड माझा पणजोबा, आईचा सख्खा आजोबा. आमच्या घरात तो 'तापाने गेला' होता. मी गाडीत बसून एवढी हसले की काचा धुरकटल्या. आई असती तर तिने हे ऐकून कटरीनालाच खोटं ठरवलं असतं.

आता खरं सांगते. नुसता पणजोबा कळवायचा असता तर मी फोन केला असता. तुझी मार्गारेट गेली, माझा हॅमिशही जाऊन सहा वर्षं झाली, आणि गेला आठवडाभर मी घरात गुणगुणत हिंडतेय. आईच्या न्यायाने आता तूच मला दारातून परत पाठवायला हवंस. पळायचं रक्त आमचं आहे, आणि रक्ताचा गुण कुठे जातो? मी तुझ्या मूस जॉचं तिकीट काढलंय, फक्त जायचं. गुरुवारी दुपारी गाडी पोचेल. स्टेशनवर ये. आणि काय ते उत्तर मला तोंडाने दे, टोपी उचलून नको.

तुझीच,
पळपुट्याची पणती
इसबेल