माझ्याच शाळेविरुद्ध दिलेलं मत

स्कार्फाविक, नोव्हेंबरअखेर

प्रिय ओतिलिया ताई,

तुझ्या दोन्ही गालांना आणि दुखऱ्या गुडघ्यालाही धाकट्या लुदविकाचा पापा. गुडघा डॉक्टरला दाखवलास का? (की अजून कोबीची पानंच बांधते आहेस?) इकडे मी बरी आहे. म्हणजे दुखतंय असं काही नाही.

खासदारीणबाईंना पत्र लिहायला सवड नाही का, असं तू विचारलंस. सवड होती गं, तोंड नव्हतं. माझ्या पहिल्याच भाषणात मागच्या बाकावर दोघं कुजबुजत होते. वर्गातली वीस वर्षांची सवय, निघून गेलं तोंडून, "तुमचं आटपलं की सांगा, मग मी पुढे सुरू करते." त्यातले एक अर्थमंत्री होते. (बिचारे शेवटपर्यंत हात बाकावर ठेवून ताठ बसले.) दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो. आता गावात हसं होणार म्हणून मी घाबरले, तर आमचे मुख्याध्यापक स्तेइन्थोर मटणाचं सूप घेऊन दारात हजर. मी मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करत होते तेव्हा, तू पोलंडात गणित शिकवायचीस म्हणे, असं विचारून यांनीच मला माशाच्या वासासकट वर्गात नेऊन उभं केलं होतं. इथली भाषा मला मुलांनी शिकवली. (त्यामुळे पहिली दोन वर्षं मी नगराध्यक्षांशीही सात वर्षांच्या पोरीसारखी बोलायची. त्यांना ते आवडायचं. निवडणुकीचं तिकीट त्यामुळेच मिळालं असावं.)

मग सप्टेंबरात विधेयक आलं: वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करायच्या. आमच्या शाळेत तेव्हा मुलं उरली होती चार. पण गाव निर्धास्त होतं, लुदविका आहे ना. मीही निर्धास्त होते. मतदानाआधी घरी आले आणि पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बसले होते, तेवढ्यात सुन्नेवा शेजारी येऊन बसली. नऊ वर्षांची, आणि तिच्या इयत्तेत ती एकटीच. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, शाळा मी बंद होऊ देणार नाही. तिने पाण्यातल्या बोटांवर इयत्ता मोजल्या.

"दहावीपर्यंत?"

"दहावीपर्यंत."

"मग मला कधीच कुणाची कॉपी करता येणार नाही," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही.

ताई, त्यानंतर मला भाषण लिहिता येईना. इमारत, घंटा, माझी वीस वर्षं, सगळं त्यात होतं, सुन्नेवा कुठेच नव्हती. शेवटी, रोज सकाळी मुलांच्या बसच्या आधी मोठ्या शाळेच्या वाटेवरच्या खिंडीतलं बर्फ काढलंच पाहिजे, एवढं एक कलम भांडून घालून घेतलं आणि मत विधेयकाच्या बाजूने दिलं. स्तेइन्थोरना मात्र आदल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॉफी फक्त स्वतःच्या कपात ओतली.

"मी तुला वर्गात उभं केलं, लुदविका," ते म्हणाले. "तू मला वर्गाबाहेर काढलंस."

मी माझा कोरडा कप फडताळात परत ठेवला आणि निघाले.

विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. सुन्नेवा आता बसने जाते, तिच्या वर्गात अठरा मुलं आहेत. ती खूश आहे की नाही ते कळत नाही, कारण तिची आई माझ्याशी बोलत नाही. मी कुंडात उतरले की गप्पा थांबतात आणि एकेकाला घरची कामं आठवतात. पण मला पश्चात्ताप नाही. मी अगदी मजेत आहे, आईलाही तसंच सांग.

तुझीच,
लुदविका

ता. क. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षी माझ्याकडे चौदा माणसं जेवायला असतात. यंदा प्रत्येकाला नेमकं दुसरीकडे जायचं आहे. अनाहूत पाहुण्यासाठी आपण एक पान रिकामं मांडतो ना, यंदा भरलेलं पानच एक असेल. ताई, तू येशील का?

ता. ता. क. येणं जमणार नसेल तर लगेच कळवू नकोस. थोडे दिवस मला नाताळचं बीटाचं सार दोघींच्या अंदाजाने ठरवू दे.