धोंडाबाईचा अंगठा

उंबरदरा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय महेशदादा,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी ऐकत नाही, काल नागलीचे पापड घालत बसली होती. वहिनी आणि समर्थ मजेत असतील. झाली रीत. आता माझं ऐक.

चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. मेसेज वाचलास आणि गप्प बसलास. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावरच पाठवणार होते, पण अंबडच्या घरी पाठवते. वहिनींच्या हातात पडलं तर त्यांनीही वाचावं.

धोंडाबाईच्या सुनेचं, रोहिणीचं, तुला आईकडून कळलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण मी तिथे होते. सोमवारी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. आरोग्य उपकेंद्र तिच्या अंगणातून दिसतं, पण बाळंतपणाच्या खोलीला महिनाभर कुलूप आहे आणि आतलं टेबलसुद्धा उचलून नेलंय. म्हणून सहादूची जीप काढली. हमरस्त्याचं केंद्र सव्वीस किलोमीटर. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मूल आलं, पायाकडून. मी आणि धोंडाबाई, दोघीच. मी आशाताई आहे दादा, डॉक्टर नाही. मुलगी होती. ती रडली नाही.

गुरुवारी तुमच्या आरोग्य खात्याचे मोठे साहेब गावात आले. लोक चिडलेले होते. पुंजाकाकांनी तर खुर्चीच आपटली. साहेबांचा आवाज काही चढला नाही. त्यांनी फाईल उघडली आणि वाचून दाखवलं की उपकेंद्रातली प्रसूतीची सोय हमरस्त्याच्या केंद्रात हलवायला ग्रामस्थांची हरकत नाही, तशी गावाशी सल्लामसलत झालेली आहे, खाली एकशे त्रेचाळीस सह्या आहेत. मग धोंडाबाईला पुढे बोलावलं.

"आजी, हा तुमचाच अंगठा आहे ना? नाव लिहिलंय बघा शेजारी."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि पायाखालच्या फरशीकडे बघत होते.

तेव्हापासून धोंडाबाई जेवत नाही. जो भेटायला येईल त्याला सांगते, "मीच अंगठा दिला. माझी नात मीच घालवली." रोहिणी तिच्याशी बोलत नाही. एकाच घरात दोघी, एक ओट्याशी बसलेली, एक दाराशी.

आता तुझं. दिवाळीला आलास तेव्हा ते कोरं पान माझ्या हातात देऊन काय म्हणालास? "नुसती हजेरी आहे उजू, कोरम भरत नाही." आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्या गावात हे असंच चालतं. ग्रामसभेला लोक येत नाहीत, शेतात असतात, मग हजेरीचं पान मागाहून घरोघर फिरतं. मी कुठे लसीकरणाला, कुठे वजनाला फिरतच असते, म्हणून ते माझ्याच पिशवीत. नऊ वर्षं फिरवलं. पण त्याच्या वर विषय लिहिलेला असायचा. या वेळी वर काहीच नव्हतं, आणि मी विचारलं नाही, कारण देणारा तू होतास. तुला माहीत होतं वर काय लिहिलं जाणार. माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललास, आणि वर आईच्या हातच्या करंज्या खाऊन गेलास. मला तुझी शिसारी येते आहे.

पण सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी होऊ म्हटलं तर तेही जमत नाही. पहिल्या दिवशी चाळीसच सह्या झाल्या. बायका विचारत होत्या, कशाची सही? मला दोन वाड्या संध्याकाळच्या आत उरकायच्या होत्या. मग मी सांगायला लागले, मच्छरदाण्यांची यादी आहे. हे तू शिकवलं नव्हतंस. हे माझंच डोकं. मग भराभर सह्या झाल्या. धोंडाबाईचा अंगठा तर मीच शाईत धरून उमटवला. रोहिणी पोटुशी होती, म्हणून म्हातारी म्हणाली, एक मोठी लिही.

काल धोंडाबाईच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं मारेल, शिव्या देईल.

"म्हंजी मच्छरदानी येनारच नव्हती?" एवढंच तिने विचारलं.

नाही, म्हटलं. ती उठून आत गेली. रोहिणीने सगळं ऐकलं होतं. तिने दार लावून घेतलं.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. खरी, माणसं समोर बसलेली. मी उभी राहून सांगणार आहे की पान मी फिरवलं, खोटं मी बोलले आणि कोरं पान मला माझ्या भावाने दिलं. तसं लेखीही देणार आहे. माझं काम जाईल. तुझंही जाईल कदाचित. आईला सांगितलं तर रडायला लागली. म्हणाली, त्याचं नाव नको घेऊस, त्याला लेकरू आहे.

मी म्हटलं, रोहिणीलाही होतं.

सकाळी दहाला सभा आहे. तू आलास तर तुझं तू सांग. बहीण म्हणून एवढीच सवलत.

उज्वला