भिंतीपलीकडचा जप

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
पोचले एकदाची! उम्म अल क्वैनहून बोटीने बेटावर. इथल्या फार जुन्या ख्रिस्ती मठाचं मालकांनी गेस्ट हाउस केलंय आणि मी त्याची नवी मॅनेजर. साधूंच्या खोल्यांत आता पाहुणे झोपतात, त्यांच्या जेवणघरात बुफे लागतो. मला समुद्राकडची शेवटची खोली दिलीय. भिंती इतक्या जाड की एसीची गरजच नाही. नवरा हेन्री आणि लेक ऑड्री शारजात, रोल्लातल्या घरीच राहतील, शनिवारी भेटायला येतील. फोनवर रोजचा जप झाला. पहिलं अर्धं, 'नमो मरिये', मी मराठीत म्हणते, पुढचं, 'होली मेरी', आमची मडम इंग्रजीत. आठ वर्षांची आहे, पण जप अर्धा सोडणार नाही. त्या बाबतीत थेट माझ्या आईवर गेलीय.

५ नोव्हेंबर
माझ्याआधीचा मॅनेजर सॅव्हियो, आमच्याच वसईचा, सामान टाकून पळाला म्हणतात. स्वयंपाकीण मरियमबीने आज बजावलं, "उस कमरे में कोई दुआ पढ़े तो जवाब नको देना, मॅडम." मठात एक साधू म्हणे माझ्याच खोलीच्या भिंतीआड कोंडून घेऊन जप करायचा. बाहेरून कुणी जप पुरा केला की तो सुटायचा आणि पुरा करणारा आत अडकायचा. पाहुण्यांना सांगायला गोष्ट झकास आहे.

६ नोव्हेंबर
नेटवर्क गेलं. संध्याकाळी घरी फोन लागेना, फार एकटं वाटलं. मेणबत्ती लावली तोच भिंतीपलीकडून कुणीतरी 'नमो मरिये' सुरू केलं. आमच्याच वसईचा हेल! आवाज थकलेला. अर्ध्यावर थांबला. हाडीमाशी भिनलेली सवय, पुढचं अर्धं मी म्हणूनही टाकलं.
मग आठवलं. पलीकडे खोली नाही, समुद्र आहे.

७ नोव्हेंबर
सकाळी खिडकीच्या गजांतून पाहिलं. धक्क्यावर दाढी वाढलेला माणूस. रिसेप्शनवरच्या फोटोतला सॅव्हियो. माझ्या खिडकीकडे बघून रडला, हात जोडले, बोटीत बसला.
मी दाराकडे धावले. दार होतं तिथे दगड —

८ नोव्हेंबर
ओरडून घसा बसला. मरियमबी बाहेर मला शोधत फिरते. मी समोरून हाका मारते, तिला ऐकू येत नाही, दिसत नाही. बाहेर जातो तो फक्त जप. पहिलं अर्धं आपोआप तोंडात येतं — ते ऐकून ती कानावर हात ठेवून पळाली. शहाणी बाई.

९ नोव्हेंबर
शनिवार. बोट आली. हेन्री. ऑड्री. त्यांना सांगतायत, मॅडम पळाल्या —
ती एकटीच इकडे येतेय. भिंतीला कान लावलाय. "मम्मा? आर यू इन देअर?"
टॉवेल कोंबलाय तोंडात. तरी ओठ हलतायत —
मला सुटायचंय. देवा, फार सुटायचंय. पण तिच्या बदल्यात नाही —
टॉवेल पडला. नमो मरिये — मी म्हणतेय — थांबवता येत नाही —
माझं अर्धं संपलं. ऑड्री, आजच्या दिवस सोड ते अर्धं, बाळा, आजच्या दिवस —
ती हात जोडतेय. "होली मे