शेजारची जागा

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे! दोन बॅगा, एक कॅमेरा आणि सात वर्षांची ठमी, एवढाच माझा संसार. खाली फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या, त्या आमच्या. मालक पंच्याहत्तरीचे आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. बोलणं कमी, खोकणं जास्त. त्यांनी पडदे दाखवले, दिवे दाखवले आणि एकच नियम सांगितला: समोर बसेल त्याचाच फोटो काढायचा. गेलेल्या माणसाचा फोटो जिवंत माणसाच्या फोटोला जोडून द्यायचा नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी खूळ असतंच. ठमीने फिरत्या स्टुलावर सतरा गिरक्या घेतल्या आणि मग तिला उलटी झाली. गृहप्रवेश झाला म्हणायचा!

९ फेब्रुवारी
काय एकेक माणूस येतो इथे! काल एक पहिलवान बाई आल्या. त्यांना फोटोत नाजूक दिसायचं होतं. बिचारीने श्वास इतका रोखून धरला की मलाच घाम फुटला. आज बसचे एक निवृत्त ड्रायव्हर आले, नवी कवळी बसवली म्हणून. हसा म्हटलं तर हसेनात, आणि एकदा हसले ते थांबेनात. दीड वर्षात मी इतकी हसले नव्हते. संध्याकाळी हे सगळं सांगायला ठमीचा बाबा हवा होता. सांगायला माणूसच नाही, हे अजून अंगवळणी पडत नाही.

१६ फेब्रुवारी
काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलेत, पंधरा दिवस. आणि आजच एक आजी आल्या. साठ वर्षं संसार केला, पण दोघांचा मिळून एकही फोटो नाही. गेलेल्या नवऱ्याचा आहे तो ओळखपत्रावरचा, चेहऱ्यापुरता. म्हणाल्या, डोळे मिटायच्या आधी एकदा त्यांच्या शेजारी बसव गं बाई. आता सांगा, नाही कसं म्हणायचं? आजोबांवर उजेड उजवीकडून पडला होता, म्हणून आजींनाही दिवा उजवीकडूनच लावला. फोटो असा जमला, जणू दोघं आत्ताच जेवून गप्पा मारत बसलेत. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. काकांना सांगायची काय गरज?

२० फेब्रुवारी
कवळीवाले ड्रायव्हर बायकोला घेऊन हजर. आजींकडून कळलं म्हणे. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला, तो फोटोत हवा होता. भाऊ, शेजारी ते, त्यांच्या पलीकडे बायको. दिला जोडून. ठमी दारात उभी राहून सगळं बघत होती. जेवताना म्हणाली, मग आपला बाबा का नाही?

२२ फेब्रुवारी
केलं. ठमीला स्टुलावर बसवलं, शेजारी जागा सोडली, तिथे त्याला आणला. दोन्ही हात खिशात घालून उभा, नेहमीसारखा. ठमीने फोटोचे इतके पापे घेतले की काच पुसावी लागली. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

२६ फेब्रुवारी
आजी गेल्या. झोपेतच. वय झालं होतं, सून म्हणाली. तिला आजींचा मोठा फोटो करून हवा होता, म्हणून तोच जोडलेला फोटो घेऊन आली होती. त्यात आजोबांचा हात आजींच्या खांद्यावर आहे. ओळखपत्राच्या फोटोत हात नव्हताच. मी लावला नव्हता.

२८ फेब्रुवारी
ड्रायव्हरसुद्धा. जेवता जेवता. त्यांच्या घरी जाऊन फोटो बघून आले. भावाचा हात त्यांच्या खांद्यावर. बायकोपर्यंत पोचलेला नाही. ती ठणठणीत आहे.
पळत घरी आले. ठमीच्या फोटोत त्याचा एक हात खिशाबाहेर —

१ मार्च
ठमीला ताप. डॉक्टर म्हणतात साधा आहे. काकांना फोन करून सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, ते रडायलाच लागले. त्यांनी आपल्या मुलाला त्याच्या गेलेल्या आईशेजारी बसवलं होतं. फोटो फाडू नकोस म्हणाले, मी फाडून बघितलाय, काही थांबत नाही. जो शेजारी असतो त्यालाच नेतात. आणि रागाने नाही गं नेत, म्हणाले. मायेने नेतात.

२ मार्च
हात तिच्या पाठीमागून आलाय. बोटांची टोकं खांद्यावर. ताप उतरत नाही. ठमी ग्लानीत बाबाशी बोलते. हसते. मी फोटोसमोर बसून त्याला नाही नाही ते बोलले. मग हात जोडले. अरे, एकच तर आहे मला. तू गेलास तेव्हा हिच्यासाठीच अंथरुणातून उठले ना मी — तुला एकट्याला करमत नाही, कळतंय रे मला, पण ही —

३ मार्च, सकाळ
जो शेजारी, त्यालाच.
मग मध्ये मी बसते.
ताईला फोन केला. लगेच निघ, का ते विचारू नकोस. दुपारी पोचेल. ठमीचे कपडे, पुस्तकं, औषध, सगळं बांधून ठेवलंय. स्वतःचाच फोटो काढायला बसले. दिवा उजवीकडून.

दुपार
झालं. तो, मी, ठमी.
ताप उतरला! उठून बसली. भूक लागली म्हणाली. दोनदा वाढून घेतलं माझ्या बाळीने. हात तिच्या खांद्यावर नाही आता.
माझा खांदा जड झालाय. गार लागेल वाटलं होतं. नाही. ऊब आहे. त्याचाच आहे. खोटं कशाला बोलू, बरं वाटतंय —
ताई, ठमी वर झोपलीय. तिला खाली आणू नकोस. तिला सांग, आई तुला टाकून गेली नाही, आई तुझ्या —