निळ्या ड्रमांची फाईल

मी, रत्नमाला परसराम गजभिये, वय त्रेसष्ट, अविवाहित, निवृत्त टंकलेखिका, राहणार करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मजकूर लिहिताना माझ्यावर कोणाचा धाक नाही. धाक घालून पाहिला गेला, त्याबद्दल कलम चार पाहावे.

१. राहते घर माझ्या दिवंगत भावाची मुलगी खुशबू हिला द्यावे. ती भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. परसातले सीताफळ तोडू नये. मी सुट्टीत नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून घरी यायचे, तेव्हा बाबा त्याची फळे माझ्यासाठी तांदळात पिकत ठेवायचे.

२. बँकेतली ठेव निम्मी खुशबूला, निम्मी गावातल्या बुद्धविहाराच्या वाचनालयाला. कपाटाला काच लावून घ्यावी, वाळवी फार आहे.

३. माझा टाइपरायटर कोणीही न्यावा. टायपिंग शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, "अक्षरे पाहा, अर्थ पाहू नका. अर्थाकडे लक्ष गेले की चुका होतात." मी त्यांची लाडकी होते. वरठीच्या पलीकडे शुभांगी कंपनीचा कारखाना होता. धुण्याची पावडर, अंगाची पावडर, डब्यावर हसरी बाई. तिथे अठ्ठावीस वर्षे मी अक्षरेच पाहिली.

कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे 'ब विभाग' होता. तिथे पावडर होत नसे. माणसांचे डोळे आणि कातडी जाळणारा धूर कसा करावा, यावर तिथे संशोधन चाले. त्या विभागाची इंग्रजी पत्रे माझ्याकडेच येत, कारण माझी चूक होत नसे. सरकारी तपासणी पुढे ढकलावी म्हणून एका पुढाऱ्याला पाठवलेली पत्रे मी टाइप केली, आणि ती ढकलल्याबद्दल आभाराचीही.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी निवडणूकही होती. त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला करडीत वीस निळे ड्रम वाटले गेले. वर हसरी बाई चिकटवलेली. ते ड्रम ब विभागातून रिकामे झालेले होते. "घरगुती वापरास योग्य" हा दाखला मीच टाइप केला. त्याच आठवड्यात "ड्रम गाडून टाकावेत" हे पत्रही मीच टाइप केले होते. मला दोन्ही जोडता आले नाहीत. किंवा मी जोडले नाहीत. बायकांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "राखेने घासून घ्या, चांगले मजबूत आहेत." त्यांनी घासले, आणि बिजाईचे, म्हणजे पेरणीसाठी राखलेले, धान भरले. काहींनी पाणीही भरले.

४. त्याच भावाचा मुलगा जीवन याला बाबांचे मनगटी घड्याळ. त्याला मी कडेवर खेळवले आहे, म्हणून. ड्रम वाटणारा तोच होता, तेव्हा कंपनीचा एजंट. आता त्याला जिल्हा परिषदेचे तिकीट हवे आहे. महिन्यात दोनदा आला. "आत्या, जुने कागद कायले सांभाळून राहिली? जाळून टाक न." मग म्हणाला, "मी तुले मायेनं सांगून राहिलो. दुसरे मायेनं नाही सांगत." त्यानंतर माझ्या पेटीचे कुलूप दोनदा उलटे लावलेले सापडले. ब विभागाच्या पत्रांच्या प्रतींची फाईल तेव्हा सीताफळाखालच्या कोंबड्यांच्या खुराड्यात होती.

५. ~~त्या पत्रांच्या प्रती असलेली फाईल माझ्या मरणानंतर खुशबूला द्यावी.~~

हे कलम मी खोडले आहे. कारण पुढे.

शेजारीण वच्छला ही माझी बालपणाची मैत्रीण. ती साक्षीदार असल्याने तिला काही देऊ नये, असे वकील म्हणाले. आज सकाळी साक्षीसाठी ती आली. तिच्या हातांची साल वर्षानुवर्षे निघते. आम्ही साबणाला दोष देत आलो. दुसरे साक्षीदार वासुदेवराव गुरुजी, त्यांनी तिचा अंगठा तीनदा कागदावर दाबला. नुसता निळा डाग. रेषा नाही.

वच्छला हसली. "रेषाच नाहीत तं नशीब कायचं पाहाल, गुरुजी?"

मग मी तिला हे सगळे वाचून दाखवले. आजवर कधी सांगितले नव्हते. कलम तीनला मी थांबले तर ती म्हणाली, "पुढं वाच." शेवटी विचारले, "हा कागद उघडन कवा?"

"मी मेल्यावर."

"अन् मीच आंदी मेली तं?" तिने हात पदरात घेतले. "धानाचे पऱ्हे टाकाचे दिवस आहेत, रतन. परवा शेजारची मोनूची माय ड्रमातली बिजाई काढन. तिच्या हातालेही थांबाले सांगू का?"

तिच्या हातांचे कारण ड्रमच आहेत, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ते तपासणारे सांगतील. पण अकरा ड्रम गावात अजून वापरात आहेत. म्हणून फाईल आज दुपारी साक्षीदारांसमोर खुशबूच्या हाती दिली. एक प्रत गुरुजींकडे आहे. संध्याकाळी वच्छला आणि मी ड्रम वापरू नका हे सांगायला अकराही घरी जाणार आहोत. जीवनने आता पेटी उघडावी. किल्ली दारामागच्या खिळ्याला आहे.

माझ्या मिळकतीत फाईल उरलेली नाही. बाकी वरीलप्रमाणे.

ठिकाण : करडी
दिनांक : ९ जून २०१२

सही : रत्नमाला परसराम गजभिये
(कलम ५ खोडल्याजागी पुन्हा सही : र. प. गजभिये)

साक्षीदार :
१. वासुदेवराव, निवृत्त शिक्षक, करडी. सही.
२. वच्छला, शेतकरी, करडी. डाव्या हाताचा अंगठा. रेषा उमटल्या नाहीत. ठसा तिचाच आहे, हे मी पाहिले. वासुदेवराव.