शिपाई दाराशी का बसतो

३ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डोळ्यांच्या ऑपरेशनपुरते दादाकडे गेलात, आणि आता म्हणता, शिपाई विसरला असेल तर घरी परत येण्यात अर्थ नाही. म्हणजे निकाल कुत्र्याने द्यायचा आणि कळवायचा मी. प्रयोगशाळेत पाणी तपासताना तुम्ही 'दिसलं' आणि 'वाटलं' वेगवेगळं लिहायचात, मलाही शिकवलंत, तसंच लिहिते.

दिसलं: रोज साडेपाचला शिपाई दाराशी बसून तुमची वाट बघतो.
वाटलं: त्याला करमत नाही.

डोळ्यांत औषध घालताय ना? वहिनीलाही वेगळं विचारणार आहे.

लोभ आहेच, तो तसाच ठेवा.
तुमची धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

'वाट बघतो' हे दिसत नाही, बाई. बसतो, एवढंच दिसतं. साडेपाचला पाववाला येतो आणि शिपायाची त्याच्याशी जुनी दोस्ती आहे, हे तू सोयीस्कर विसरलीस. पाववाला वगळून तपास. दादा म्हणतो, बापलेक कुत्र्यावरून भांडताय. म्हटलं, हे शास्त्र आहे.

औषध घालतो. वहिनीला छळू नकोस.

तुझा बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

मागची नोंद रद्द समजा. मला फार लाज वाटली. पाववाल्याला चार दिवस मागल्या दाराने यायला सांगितलं. त्याने माझ्याकडे कसं बघितलं ते लिहीत नाही.

दिसलं: चारही दिवस शिपाई साडेपाचला पुढल्या दाराशीच बसला. तिसऱ्या दिवशी तुमची डावी चप्पल समोर ठेवली. त्याने हुंगली, मग टाच खाल्ली. चष्म्याच्या दुकानातली नोकरी आटपून आल्यावर मीही त्याच्याशेजारी बसत होते. सहाला दोघं उठायचो.

वाटलं: कोरं सोडते. चप्पल खाण्याचे, तो विसरला आणि विसरला नाही, असे दोन्ही अर्थ निघतात, आणि मी निवडला तर माझ्या सोयीचाच निवडेन.

चपलेबद्दल माफी आणि लोभ, दोन्ही असू द्या.
धाकटी

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

कुत्र्याबद्दल निकाल देता येत नाही. तू शेजारी बसलीस. आता तो माझ्यासाठी बसला की तुझ्यासाठी, कळायला मार्ग नाही. तपासणी नासली.

मात्र त्याच कागदावर आणखी एका जीवाची नोंद आहे. रोज संध्याकाळी, दाराशी, पाववाला नसताना. त्याचं 'वाटलं' तू कोरं सोडलंस. ते मी भरलं.

शनिवारी साडेपाचला पोचतो. शिपायाला सांगू नकोस, म्हणजे निदान त्याचं तरी नीट तपासता येईल. उजवी चप्पल वर ठेव.

तुझा बाबा