शेवटच्या चाकावरची लाट

सर, तुम्ही गेल्यावर मागे राहिलेली तुमची निळी वही काकूंनी गेल्या महिन्यात माझ्या हातात दिली. बोईसरला कंपनीच्या लॅबमधून सुटून मी पालघरला तुमच्या घरी डोकावले होते. "मला काय कळतंय त्यातलं? तूच ठेव," म्हणाल्या. वहीत भरतीचे आकडे, आणि शेवटच्या पानावर तुमचं गिचमिड अक्षर: पडताळणी विद्यार्थिनीने केली, निकाल तोच. खाली माझी सही. ती बघून मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारावीला होते मी. एका जुन्या इंग्रजी पुस्तकातलं चित्र बघून तुम्ही भरतीतल्या लाटा मोजायचं ते यंत्र जुळवलेलं, पितळी चाकं बोईसरच्या वर्कशॉपमधून कातून आणलेली. दातिवऱ्याच्या खाडीत रंगाचे पट्टे मारलेली काठी रोवून सुट्टीभर बाबा नि मी तासातासाला पाणी किती चढलं ते टिपायचो. बाबा हसायचे. "मास्तरांना सांग बाय, काठी कशाला पायजे? तिथी सांगा, भरती कवा ते मी सांगतो, नाय चुकनार." तुम्ही चिडला नाहीत. "बरोबरच सांगतील ते," म्हणालात, "पण भरती म्हणजे लहानमोठ्या कितीतरी लाटांची बेरीज असते गं. त्या सुट्या करायच्यात आपल्याला." मग रविवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं दुकान मांडलेलं. डाव्या हाताने दांडा फिरवायचा, उजव्या हाताने टोचणी त्या आकड्यांवरून कागदावर काढलेल्या भरतीच्या रेषेवरून न्यायची. खालचं एकेक चाक आपापली लाट हुडकतं, आणि ते किती फिरलं त्यावरून ती केवढी ते कळतं. काकू ओट्याशी काही कुटायला लागल्या की "टेबल हलतंय!" म्हणून तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात.

शेवटचं, सगळ्यात लहान चाक सगळ्यात बारीक लाटेचं; ते खरं तर फिरायलाच नको होतं. पण तुम्ही रेष गिरवलीत की ते फिरायचं, आणि दर वेळी साधारण तेवढंच. तुम्ही खुर्चीवरून उठलातच. "ही लाट कुठल्याही पुस्तकात नाही! आपल्या खाडीची आहे ही!" मी तुमच्या टोचणीकडे बघत होते. ती थरथरत होती, बारीक, एका लयीत. काकू तुमचा चहाचा कप तेव्हाच अर्धा भरायला लागल्या होत्या. ती लाट खाडीची नव्हती, सर. तुमच्या हाताची होती.

पुढच्या रविवारी म्हणालात, "आता तू गिरव. तुलाही मिळाली तर पक्कं." जाळी विणून तयार झालेला माझा हात, तो कशाला हलतोय? तुम्ही आत चष्मा शोधत होतात तेवढ्यात मी एकदा गिरवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही. तुम्ही आलात. तुमचा तो उतावीळ चेहरा बघितला, आणि दुसऱ्यांदा मी मुद्दाम हात थरथरवला. चाक फिरलं! तुम्ही टाळी वाजवलीत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात, "शाब्बास" म्हणालात. निघताना काकूंनी दारात हळूच विचारलं, "यांचा हात बघितलास का गं? डॉक्टरकडे चला म्हणते तर ऐकत नाहीत. तुझं ऐकतील." मी म्हटलं, "छे हो काकू, काही नाही." दोन वर्षांनी तुम्हाला घास तोंडापर्यंत नेता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं.

परवा ते आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले. क्षणात सगळ्या लाटा सुट्या झाल्या. शेवटची नव्हती. काकूंना सांगायचं ठरवून दोनदा पालघरला गेले, चहा पिऊन परत आले. म्हणून हे तुम्हाला लिहितेय, जे कुठे पाठवता येत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली की तुमचं मन मोडायला नको म्हणून मी तसं केलं. खोटं आहे ते. लाट निघाली नसती तर तुम्ही यंत्र आवरून माळ्यावर टाकलं असतं, आणि माझे रविवार संपले असते. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं, सर. तेवढ्यासाठी केलं.